तांदळाएवढी ढील

चंद्रपुरास थंडी पडते असें आम्ही सांगूं लागलों कीं पुण्यामुंबईकडील आमचे आप्तेष्ट एकमेकांकडे पाहून हंसतात. त्यांच्या लेखीं आमचें गांव म्हणजे मे महिन्यांत वर्तमानपत्रांत झळकणारा एक आंकडा, ४७ किंवा ४८ अंश; त्यापलीकडे या गांवास दुसरा एखादा ऋतु असेल ही कल्पनाच त्यांना शिवत नाहीं. परंतु डिसेंबरच्या उत्तरार्धांत पहांटे इरईच्या पात्रावर धुकें बसतें, पारा १० अंशांच्या आसपास, एखादे दिवशीं त्याच्याहि खालीं उतरतो, आणि या थंडीची साक्ष द्यावयास आमच्या घरीं एक अत्यंत सत्यवादी साक्षीदार उभा असतो. तो म्हणजे आमची मोटार. सकाळीं तिचा चोक किती ओढावा लागला हें ऐकून आमच्या सौभाग्यवती स्वेटर घालावयाचा कीं नुसती शाल पुरे, हें ठरवितात.

ही मोटार अँबॅसॅडर, १९७६ सालची, आणि आमच्या वडिलांनीं घेतलेली. वडिलांना आम्ही नाना म्हणत असूं. ते येथें वकिली करीत. त्या काळीं गडचिरोली हा निराळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. त्यामुळें अहेरी-सिरोंच्यापर्यंतचे पक्षकार चंद्रपुरासच येत, आणि पुष्कळदां नानांनाच त्या बाजूस जावें लागे. आजोबांच्या वेळीं ज्या गोठ्यांत दोन गाई असत त्यांत मोटार राहूं लागली. दावणीचे खुंटे अजून भिंतीशीं आहेत. नाना २००४ सालीं गेले आणि मोटार आमच्याकडे आली. आम्हीं जन्मभर महाविद्यालयांत संस्कृत शिकविलें. धातु चालवितां येतात म्हणून धातूचीं यंत्रें चालवितां येतात असें नाहीं, हें कळावयास आम्हांस बराच काळ लागला. आणि तें ज्या रीतीनें कळलें तीच येथें सांगावयाची आहे.

आधीं या चोकची ओळख करून दिली पाहिजे. ज्यांच्या घरीं नव्या मोटारी आहेत त्यांनीं ती मूठ पाहिलीहि नसेल, कारण त्यांच्या मोटारींत पेट्रोल किती सोडावयाचें हें एक लहानसा संगणक ठरवितो. पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं; त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे जळते. वजनानें एक भाग पेट्रोलास साडेचौदा-पंधरा भाग हवा हें प्रमाण योग्य. पण इंजिन थंड असलें म्हणजे पेट्रोलची पुरती वाफ होत नाहीं. बरेंचसें थंडगार नळीच्या अंगावर दंवासारखें बसून राहतें, आणि सिलिंडरांत पोंचणारें मिश्रण फिकें पडतें. अशा वेळीं थोडा वेळ जास्तीचें पेट्रोल द्यावें लागतें. तेंच चोकचें काम.

आमच्या शेजाऱ्यांकडे पूर्वीं निराळ्या जातीची मोटार होती. तिच्या कार्ब्युरेटरच्या घशांत एक झडप असे. मूठ ओढली कीं ती मिटे, हवेची वाट अडे आणि इंजिन आपल्या ओढीनें पेट्रोलच अधिक खेंचून घेई. चोक म्हणजे घसा आवळणें हें नांव तिला शोभे. आमच्या अँबॅसॅडरला एस्. यू. जातीचा कार्ब्युरेटर आहे, आणि त्यांत तशी झडप मुळींच नाहीं. त्यांत एक दट्ट्या, दट्ट्याच्या तळास एक निमुळती सुई, आणि ती सुई ज्या बारीक नळींत उतरते ती नळी, म्हणजे जेट, एवढीं तीन पात्रें आहेत. इंजिनाची ओढ वाढली कीं दट्ट्या वर चढतो, सुई वर येते, भोंवतालची फट रुंदावते आणि पेट्रोल जास्त येतें. चोकची मूठ ओढली म्हणजे येथें हवा अडत नाहीं. जेटच सुईखालून खालीं सरकतो. मूठ थोडीशीच ओढली तर तेवढेंहि होत नाहीं, इंजिनाचा वेग मात्र किंचित् वाढतो. म्हणून जाणता मनुष्य मूठ पुरती ओढून इंजिन सुरू करतो, लगेच अर्धी आंत लोटतो, आणि मैल-दोन मैलांत पार आंत घालतो. विसरला तर जास्तीचें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढतें आणि प्लग काजळून जातात.

एस्. यू. हीं अक्षरें स्किनर्स युनियन या नांवाचीं. स्किनर हें इंग्लंडांतील पादत्राणांच्या व्यापारांतील घराणें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं जो पहिला कार्ब्युरेटर केला त्यांत दट्ट्याच्या जागीं चामड्याचा भाता होता. आमच्या आजीस हें ठाऊक असतें तर गाईंच्या गोठ्यांत तिनें ही मोटार शिरूं दिली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

या मोटारीला हात लावणारा माणूस पहिल्यापासून एकच. त्याला आमच्या घरांत सगळे 'मिस्त्री' म्हणत आले. नानांनीं त्याला अहोजाहो केलें, म्हणून आम्हीहि करतों. १९८३ च्या पावसाळ्यांत नाना गडचिरोलीहून परततांना मूल सोडल्यावर केसलाघाटाच्या जंगलांत मोटार बंद पडली. त्या रस्त्यावर आजहि वाघ आडवा जातो. त्या वेळीं तर रात्रीं नऊनंतर चिटपांखरूं नसे. एका ट्रकवाल्याबरोबर निरोप आला. मिस्त्री दुसऱ्या ट्रकनें निघाले, विजेच्या बॅटरीच्या उजेडांत त्यांनीं कार्ब्युरेटरच्या वाटींत सांचलेलें पाणी काढलें, आणि पहांटे नानांना घरीं आणून सोडलें. आमच्या सौभाग्यवती तेव्हां या घरांत नव्यानें आल्या होत्या. ती रात्र त्या विसरल्या नाहींत. आम्ही विसरलों.

डिसेंबर २०२४ मध्यें एके सकाळीं चोकची मूठ आमच्या हातांतच निघून आली. तार तुटली होती. मिस्त्री लेकीकडे गेलेले. उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून अँबॅसॅडर निघणें २०१४ सालीं थांबलें, तेव्हांपासून सुट्या भागांची शोधाशोध करणें हा आमचा एक व्यासंगच झाला आहे. नागपुराहून तार मागविली आणि एवढ्याशा कामास मिस्त्री कशाला, असें म्हणून आम्हीं ती स्वहस्तें बसविली. बसवितांना ती जराशी सैल राहूं लागली. सैलपणा हा आम्हांस आयुष्यभर मुलांच्या निबंधांतहि खपला नाहीं. आम्हीं पकडीनें तार ओढून धरली, तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ केली, आणि स्क्रू आवळला.

परिणाम फार सुंदर झाला. मोटार एका हांकेंत सुरू होऊं लागली, आणि उभी असतांना तिचा आवाज असा कांहीं ठसक्यांत येई कीं आम्हीं सौभाग्यवतींना दोनदां बाहेर बोलावून तो ऐकविला. पेट्रोलचा हिशेब मात्र बिघडला. पूर्वीं लिटरमागें दहा किलोमीटर देणारी मोटार सहा-साडेसहावर आली. लिटर शंभर रुपयांच्या वर गेलेलें. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मनुष्याला हा फरक वहींत फार मोठा दिसतो.

आतां योगायोग पाहा. याच सुमारास मोटार ब्रेकच्या कामासाठीं दोन दिवस मिस्त्रींकडे होती. ती परत आल्यावर आम्हीं वही काढली, आंकडे मांडले, आणि जो निष्कर्ष काढावयास नको होता तो काढला. मोटार परत देतांना मिस्त्री म्हणाले होते, "सर, हिचा घसा खुला राहून राह्यला. चोक पाहू देता का?" आम्ही म्हणालों, "ब्रेकचें सांगितलें होतें, तेवढेंच पुरे." बिल वाढविण्याची ही एक रीत असावी असें आमच्या मनांत आलें, आणि घरीं आल्यावर तें आम्हीं बोलूनहि दाखविलें. सौभाग्यवती पोळ्या लाटीत होत्या. लाटणें न थांबवितां त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना पेट्रोल चोरावयाचें असतें तर पंचेचाळीस वर्षें वाट कशाला पाहिली असती?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, परंतु वहींतील आंकडे होते.

मार्च २०२५ मध्यें पुन्हां मोटार त्यांच्याकडे द्यावयाची वेळ आली. त्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं पेट्रोलच्या टांकीस कुलपाचें झांकण बसविलें. मोटारीची किल्ली त्यांच्या हातीं दिली. झांकणाची खिशांत ठेविली. संध्याकाळीं मिस्त्री मोटार घेऊन आले. चहा घेतला नाहीं. किल्ली ओट्यावर ठेवून म्हणाले, "टांकीचं कुलूप मजबूत आहे, सर." आणि चालत गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहींत, व आम्हींहि बोलावणें पाठविलें नाहीं. कुलूप लागल्यावरहि मोटार लिटरास सहाच किलोमीटर देत राहिली, हें वहींत आमच्याच अक्षरांत लिहिलेलें आहे. तें आमच्या दृष्टीस पडलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. उन्हाळा आहे, पेट्रोल उडून जात असेल, अशी स्वतःची समजूत घालून आम्ही पान उलटीत असूं.

डिसेंबर २०२५ उजाडला. कन्या नातवाला घेऊन पहांटे बल्लारशाहच्या स्थानकावर उतरणार होती. आम्ही निघालों, पहिल्या वळणाशीं मोटारीनें काळ्या धुराचा लोट सोडला, दोनदां खोंकली, आणि थांबली ती थांबलीच. कन्या ऑटोरिक्षानें आली, आणि वाटेंत धक्का मारीत उभा असलेला आजोबा नातवानें ऑटोंतूनच ओळखला.

दुपारीं आम्हीं प्लग काढले. चारहि काजळीनें माखलेले आणि पेट्रोलनें ओले. काजळी याचा अर्थ पेट्रोल फार, हवा थोडी, एवढें आम्हांसहि समजत होतें. प्रथम दोष आमच्या गांवच्या हवेवर टाकला. भोंवतीं कोळशाच्या खाणी, शेजारीं दुर्गापूरचें औष्णिक वीजकेंद्र. येथें हवेच्या गाळणीवर धूळ लौकर बसते, आणि गाळणी तुंबली तरी मिश्रण गडद होतें. गाळणी झटकली. फरक पडला नाहीं. मग कपाटांतून नानांचें तें जुनें इंग्रजी हस्तपुस्तक काढलें. चोकच्या तारेविषयीं त्यांत छापलें होतें कीं मूठ आंत असतांना तारेस एक षोडशांश इंच ढील असावी. आणि शेजारीं समासांत, पेन्सिलीनें, नानांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरांत असें होतें: 'चोकची तार ताणूं नये. तांदळाच्या दाण्याएवढी ढील ठेवावी. — मिस्त्री, १९७९.'

आम्ही पुस्तक मांडीवर ठेवून कांहीं वेळ गोठ्यांतच बसलों. तार ताणलेली, म्हणून मूठ आंत असतांहि जेट पुरता वर येतच नव्हता. वर्षभर आमची मोटार अखंड पहांटेंतच जगत होती. ४७ अंशांच्या उन्हांतहि तिला आम्ही थंडीचें औषध पाजीत होतों. तो सुंदर ठसकेबाज आवाज, तोहि त्याच तारेचा. लिटरमागें साडेतीन किलोमीटरांचा चोर आम्हांस सांपडला होता, आणि त्याच्या हातांत आमचीच पक्कड होती.

यावरहि पांडित्य आम्हांस सोडीना. दाणा म्हणजे लांबीनें कीं जाडीनें? आणि कोणत्या तांदळाचा? आमच्या घरीं एच्. एम्. टी. तांदूळ शिजतो, आणि तो बारीक तांदूळ आमच्याच जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांतल्या नांदेड गांवचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनीं निवडून वाढविला, तोहि १९७९ च्या पुष्कळ नंतर. म्हणजे मिस्त्रींच्या मनांत निराळाच दाणा असणार. शेवटीं छापील षोडशांश इंचानें निवाडा केला, दाणा आडवा धरला, स्क्रू सैल करून तेवढी ढील दिली आणि पुन्हां आवळला. मोटार ढकलून अंगणांत घेतली. बंद गोठ्यांत इंजिन चालवूं नये, कारण त्या धुरांतील वायूस वास नसतो आणि तो माणसाला उठूं देत नाहीं. इंजिन सुरू केलें. ठसका गेला. धूर गेला. पण आतां तें उभ्याउभ्या थरथरूं लागलें, जणुं कांहीं पोटभर मिळत नाहीं. जेटखालीं एक षट्कोनी नट असतो, त्यानें मिश्रण कमीजास्त करतां येतें. परंतु त्याला हात लावण्याचें धैर्य आमच्यांत उरलें नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर मोटार नीट चालली असती, तरीहि बाबुपेठेस जावेंच लागणार होतें.

मिस्त्री एका जुन्या टायरवर बसले होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. दुकान आतां मुलगा चालवितो आणि तेथें बहुतेक दुचाक्याच असतात. वाटेंत आम्हीं एक वाक्य जुळविलें होतें, चांगलें, सालंकार. तें तोंडांतून निघण्यापूर्वींच त्यांनीं विचारलें, "गाडी कशी आहे?"

"चोकची तार आम्हींच ताणून बसविली होती," आम्ही म्हणालों.

"माहीत होतं मले."

"मग सांगितलें कां नाहीं?"

"तुमीच म्हणलं, ब्रेकच पाहा."

यापुढें तें सालंकार वाक्य कांहीं केल्या आठवेना. "आम्हीं तुमच्यावर संशय घेतला," एवढेंच आम्ही बोललों. ते मुलाकडे वळून त्याला कोणतासा पाना मागूं लागले. मग आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "उद्या सकाळी येतो. उन्हाच्या आधी. गाडी थंडी पाहिजे."

दुसऱ्या दिवशीं साडेसहाला ते आले. प्रथम त्यांनीं दट्ट्याच्या डोक्यावरील टोपण उघडून आंत पाहिलें आणि जीभ चावली. तेथें थोडें तेल लागतें, दट्ट्या एकदम उसळूं नये म्हणून. तें टिपूसभरहि नव्हतें. तें आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें. तेल घातलें. दट्ट्या बोटानें उचलून सोडला. तो सावकाश उतरून तळाशीं 'टक्' वाजला, तेव्हां त्यांनीं मान हलविली. आम्हांस आंत बसवून मूठ ओढावयास सांगितलें, सुरू झाल्यावर अर्धी, मग पार आंत. इंजिन तापूं दिलें. मग कार्ब्युरेटरच्या कुशींत एक बारीक खिळी असते, ती त्यांनीं नखाएवढी वर लोटली. तिनें दट्ट्या किंचित् उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण गडद. पडला तर फिकें. क्षणभर वाढून पूर्ववत् झाला तर बरोबर. आमचें पडलें. त्यांनीं नट एक पैलू खालीं फिरविला, ऐकलें, आणखी एक पैलू फिरविला.

"पुस्तकांतल्यापेक्षां जास्त झालें का?" आम्हीं विचारलें.

"पुस्तकातलं पेट्रोल आता कुठी भेटते, सर? आता त्यात दारू राह्यते."

हें अक्षरशः खरें आहे. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉलच्या पोटांत आधींच प्राणवायु असल्यामुळें त्याच्या एका भागास जळावयाला नऊच भाग हवा लागते. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरांतून पूर्वींच्याच मापानें तें सोडलें तर मिश्रण फिकें पडतें. मिस्त्रींनीं रबरी नळ्याहि बोटांनीं चेपून पाहिल्या. इथेनॉलनें जुनें रबर सुजतें व चिरतें, त्या बदलावयास सांगितल्या. "मोह घेऊन राह्यली गाडी," ते म्हणाले, आणि प्रथमच हंसले. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या जिल्ह्यांत ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. पोटांत एकपंचमांश मद्यार्क घेऊन आमची मोटार वैनगंगेच्या पुलावरून उजळ माथ्यानें पलीकडे जाते, तिला कोणी अडवीत नाहीं.

तिसऱ्यांदा खिळी लोटली, तेव्हां इंजिन क्षणभर चढलें आणि पूर्ववत् चालूं लागलें. मिस्त्री डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. तो आवाज ठसक्याचा नव्हता. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "नानांच्या वेळीं अशीच वाजे."

चहा घेऊन झाल्यावर मिस्त्री मागच्या बाजूस गेले. पेट्रोलला पाण्याचा वास येतो का, हें त्यांना पाहावयाचें होतें. टांकीस कुलूप. आम्ही किल्ली शोधूं लागलों. कोटाच्या खिशांत नाहीं, टेबलाच्या खणांत नाहीं. दहा मिनिटें आम्ही घरभर फिरत होतों आणि ते मोटारीपाशीं हात मागें बांधून उभे होते. अखेर सौभाग्यवतींनीं ती देव्हाऱ्यामागच्या डबींतून आणून त्यांच्या हातावर ठेविली. त्यांनीं झांकण उघडलें, वास घेतला, झांकण लावलें, कुलूप स्वतः फिरवून ओढून पाहिलें, आणि किल्ली आमच्याकडे न देतां सौभाग्यवतींना परत केली.

"नीट ठेवा, वहिनी," ते म्हणाले. "आजकाल चोर भल्ले वाढून राह्यले."